साभार परत आलेल्या बाडातली दोन पानं

तुमचं पत्र दोनदा वाचलं. वय ३१, कागलजवळच्या एमआयडीसीत शिफ्टची नोकरी. नऊ वर्षांत पदरचे पैसे घालून काढलेला एक कवितासंग्रह, पाच प्रकाशकांकडून परत आलेल्या दोन कादंबऱ्या आणि कुणीतरी नेऊन पुन्हा कधीच न दिसलेली एका लघुपटाची संहिता. फेसबुकवर तीनशे लोक ‘वा’ म्हणतात, पण पुस्तकाच्या प्रती खपल्या चाळीस. घरचे म्हणतात, आता पुरे. आणि तुम्ही मला विचारलंय, ‘नाव होण्याआधी तुमचे किती प्रयत्न फसले, ते का फसले, आणि नेमकं काय बदललं? की हे सगळं नशिबावरच असतं?’

प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. मी पस्तिसाव्या वर्षापर्यंत प्रसिद्ध होण्याचे चार मोठे प्रयत्न केले. चारही फसले. ते का फसले हे मला त्या वेळी कुणी सांगितलं नाही आणि मलाही कळलं नाही. जे बदललं ते एका माणसामुळे, आणि तो माणूस संपादक नव्हता, प्रकाशक नव्हता, लेखकही नव्हता.

पहिला प्रयत्न १९८४ चा. मी तेवीस वर्षांचा होतो. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागून दोन वर्षं झाली होती, पगार ३२० रुपये. संध्याकाळी सुटलो की करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसायचो. १८५० साली सुरू झालेलं ते वाचनालय, त्या कपाटांसमोर उभं राहिलं की आपलंही नाव एखाद्या पुस्तकाच्या कण्यावर असावं असं वाटायचं. कवितासंग्रह काढला. पतपेढीचं कर्ज, पाचशे प्रती. प्रकाशन झालं, हार झाले, चहा झाला. दोन वर्षांत ६१ प्रती गेल्या, त्यातल्या निम्म्या मी स्वतः वाटलेल्या. उरलेले गठ्ठे खाटेखाली. आई दर दिवाळीला ते बाहेर काढून जमीन सारवायची आणि परत जागच्या जागी लावून ठेवायची. एक शब्द कधी बोलली नाही. मला तिचं ते न बोलणंच जास्त लागायचं.

त्या कविता वाईट होत्या का? काही होत्या, काही नव्हत्या. पण मला त्यातला फरक ठरवता येत नव्हता, आणि समारंभाला आलेल्या साठ माणसांपैकी एकानेही तो सांगितला नाही. पदरच्या पैशाने पुस्तक काढण्यातला खरा तोटा हाच असतो. पैसे जातात ते फिटतात. पण मध्ये कुणीच ‘नाही’ म्हणत नाही, त्यामुळे आपण कुठे आहोत हे समजत नाही.

दुसरा प्रयत्न सगळ्यात मोठा. कोल्हापूरच्या माणसाला ऐतिहासिक कादंबरीचा मोह होतोच. आपल्याच जिल्ह्यातल्या कोवाडच्या रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ ची, आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ ची. आमच्या पिढीने ही दोन्ही पुस्तकं पाठ केली होती. मी विषय घेतला सिद्दी जौहरच्या वेढ्याचा, १६६० च्या पावसाळ्यातला पन्हाळा. चार वर्षं लिहिलं. सुट्टीच्या दिवशी सायकल मारत पन्हाळ्यावर जायचो, तटावर बसून टिपणं काढायचो. ६४० पानं भरली. सुतळीने बांधून तीन प्रकाशकांकडे पाठवली. तिन्हीकडून ‘साभार परत’. एका ठिकाणाहून आलेल्या गठ्ठ्याला मीच मारलेली निरगाठ जशीच्या तशी होती. ती गाठ हातात धरून मी किती वेळ बसलो होतो ते अजून आठवतं.

त्या दिवशी मला वाटलं, माझा अपमान झाला. आज दुसऱ्या, म्हणजे संपादकाच्या बाजूने पाहतो तेव्हा त्यात अपमानापेक्षा हिशेब जास्त होता असं दिसतं. छापखान्यात पुस्तक फर्म्यांत मोजतात, सोळा पानांचा एक फर्मा. ६४० हस्तलिखित पानं म्हणजे छापील चाळीस फर्म्यांच्या आसपासचं पुस्तक. अनोळखी लेखक, हजाराची आवृत्ती, चाळीस फर्म्यांचा कागद, छपाई, बांधणी. एवढी रक्कम प्रकाशकाने दोन-तीन वर्षं अडकवून ठेवायची कुणाच्या भरवशावर? मी स्वतः छापखान्यात रोज फर्मे मोजणारा माणूस. तरी स्वतःच्या बाडाचे फर्मे मोजावेत हे मला सुचलं नाही. तुमच्या दोन कादंबऱ्यांची पानं तुम्ही लिहिलेली नाहीत. आधी ती मोजा. परत आलेल्या बाडाचं कारण नेहमी मजकुरात नसतं. कधी पानांत असतं, कधी त्या वर्षी प्रकाशकाची यादी आधीच भरलेली असते, कधी कागद महागलेला असतो, कधी ग्रंथालय खरेदी अडलेली असते. मराठी पुस्तकांचा मोठा खप ग्रंथालयांवर उभा आहे आणि तिथलं अनुदान लांबलं की सगळी साखळी लांबते. यातलं काहीही तुम्हाला नकाराच्या पत्रात कुणी लिहून देत नाही.

तिसरा प्रयत्न सिनेमाचा. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. कोल्हापुरात जयप्रभा स्टुडिओच्या आसपास वाढलेल्या कुणालाही एकदा तरी वाटतं की आपली गोष्ट पडद्यावर यावी. एका निर्मात्याने माझी पटकथा नेली, दोन वर्षं ठेवली, चित्रपट निघालाच नाही. माझ्याकडे दुसरी प्रत नव्हती. तुमच्या संहितेचंही तसंच झालेलं दिसतं. पुढच्या वेळी स्वतःची प्रत, तारीख आणि पोच असल्याशिवाय एक पानही हातातून सोडू नका.

चौथा प्रयत्न म्हणजे तीन वर्षं वेगवेगळ्या कथास्पर्धांना कथा पाठवत राहिलो. कोणत्या स्पर्धेला काय आवडतं याचा अंदाज घेऊन लिहायचो. कुठे ग्रामीण विनोदी, कुठे शहरी एकाकी, कुठे संदेश देणारी. दोनदा उत्तेजनार्थ मिळालं. त्या कथा आज माझ्याच आहेत हे मला वाचून ओळखता येत नाही.

हे सगळं सांगण्यामागे एक गोष्ट आहे, ती इथेच स्पष्ट करतो. ‘इतक्या वेळा पडलो म्हणून एकदा जिंकलो’ अशा कथा लोकांना आवडतात. मला त्या खऱ्या वाटत नाहीत. ‘मृत्युंजय’ आली तेव्हा सावंत जेमतेम सत्तावीस वर्षांचे होते, त्यांना पंधरा वर्षं पडावं लागलं नाही. देसाईंनी ‘स्वामी’च्या आधी ‘बारी’ आणि ‘माझा गाव’ लिहिल्या, त्या काही फसलेल्या कादंबऱ्या नव्हत्या, पण घराघरात नाव पोचलं ते ‘स्वामी’ने. तुमच्याच कागलचे आनंद यादव. त्यांचा ‘हिरवे जग’ हा कवितासंग्रह १९६० चा, ‘गोतावळा’ १९७१ ची, आणि ज्या बालपणाने त्यांना साहित्य अकादमीपर्यंत नेलं ते ‘झोंबी’त उतरलं १९८७ साली, पन्नाशी ओलांडल्यावर. ते बालपण त्यांच्याजवळ पहिल्यापासून होतंच की! आणि वि. स. खांडेकर. शिरोड्याची शाळा सोडून १९३८ साली कोल्हापुरात आले तेव्हाच त्यांचं नाव महाराष्ट्रभर होतं. तरी ‘क्रौंचवध’ १९४२ ची आणि त्यानंतरची कादंबरी ‘अश्रू’ थेट १९५४ ची. मग ‘ययाति’ १९५९, आणि मराठीला पहिलं ज्ञानपीठ त्या कादंबरीने मिळवून दिलं १९७४ साली. नाव असलेल्या माणसालाही बारा वर्षं कादंबरी झाली नाही. म्हणजे अपयशांची संख्या भरली की यश येतं असा काही नियम नाही. किती वेळा पडलो हे मोजणं सोडा. पडलेल्या गोष्टींत काय होतं ते कुणीतरी बघितलं का, एवढंच विचारा.

माझ्या बाबतीत ते बघितलं आण्णांनी.

आण्णा आमच्या छापखान्यात कंपोझिटर होते. सातवी शिकलेले. चाळीस वर्षं छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवलेले, उजव्या अंगठ्याचं टोक शिशाने काळं पडलेलं. ते वाचायचे कसे, तर अक्षराने अक्षर उचलत. खिळ्यांच्या खणाखणांच्या पेटीतून एकेक खिळा काढून ओळ लावायची म्हणजे दिवसाला मोजकीच पानं होतात, आणि त्या पानातला शब्द न शब्द बोटांतून जातो. लेखकाने कुठे उगाच पाणी घातलंय ते त्यांना टीकाकारापेक्षा आधी कळायचं. मी मुद्रितं तपासायला त्यांच्या शेजारी बसायचो, पण मी लिहितो हे त्यांना कधी सांगितलं नव्हतं. कवितासंग्रह दुसऱ्या छापखान्यातून काढला होता, आपल्या माणसांसमोर लाज वाटत होती म्हणून.

१९९३ च्या पावसाळ्यात काम मंदावलं होतं. मी पन्हाळ्याचं ते बाड घरून आणून टेबलाखाली ठेवलं होतं, पाठकोऱ्या कागदांसाठी. खरंच त्याच कामासाठी आणलं होतं. आण्णांनी सुतळी सोडली, वरचं पान वाचलं आणि म्हणाले, “ह्ये कुणाचं?”

“माझं.”

“मग पाठकोरं कशाला करतोस? ठेव हितं. वाचतो.”

त्यांनी साठ पानं वाचली, आठ दिवस लावून. कानावरची पेन्सिल काढायचे आणि समासात एक टिंब द्यायचे. खूण नाही, शेरा नाही, नुसतं टिंब. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, “जितं माझं चित्त उडालं तितं टिंब दिलंय. का उडालं त्ये मला इचारू नगंस. त्ये तू बघ.”

साठ पानांत टिंबांची मुंग्यांसारखी रांग लागली होती. महाराजांच्या तोंडच्या लांब भाषणावर टिंब. सूर्यास्ताच्या वर्णनावर चार टिंबं. माझ्या सगळ्यात आवडत्या परिच्छेदावर ओळीओळीला टिंब. मी पानं उलटत गेलो आणि छातीत काहीतरी बसत गेलं. मग ४३ आणि ४४ ही दोन पानं आली. पूर्ण कोरी. एकही टिंब नाही.

त्या दोन पानांत एक मोतद्दार होता. कथानकाला त्याची काही गरज नव्हती. पावसात रात्रभर घोड्याचा लगाम धरून उभा राहिलेला म्हातारा, सकाळी त्याची बोटं उघडेनात. धनी येण्याआधी तो ती बोटं दगडावर दाबून एकेक सरळ करतो, कारण लगाम धरता येत नाही हे कळलं तर घोडा दुसऱ्याकडे जाणार.

आण्णांनी विचारलं, “ह्यो मोतद्दार कोण रं?”

मी म्हणालो, “कुणी नाही. कल्पनेतला.”

ते म्हणाले, “न्हाई. ह्या मानसाला तू बघितलायस.”

तिथे बसल्याबसल्या माझ्या लक्षात आलं की ते माझे वडील आहेत.

माझे वडील गुळव्या होते. करवीर तालुक्यातल्या चार-पाच गावांत हंगामाला त्यांना बोलावणं यायचं. ज्यांनी गुऱ्हाळ बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. चुलवाणात चिपाडं घालणारा जळव्या वेगळा, घाण्यावरची माणसं वेगळी, पण काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत उकळणारा रस गूळ म्हणून नेमका कधी उतरवायचा ते ठरवतो गुळव्या. रस तापला की भेंडीचं पाणी टाकून मळी काढायची, मग रस आटत जातो, त्याचा रंग बदलतो, बुडबुड्यांचा आवाज बदलतो. १०५ अंशांच्या आसपास काकवी होते, ११८ च्या आसपास गूळ, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. वडिलांकडे थर्मामीटर नव्हता. ते गार पाण्याच्या तांब्यात बोटं बुडवायचे, उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात सोडायचे आणि त्याची गोळी दोन बोटांत वळून बघायचे. गोळी मऊ असेल तर अजून थांबायचं. क्षणभर जास्त झालं तर गूळ करपट, कमी झालं तर रवा बसत नाही, चिघळतो. एका आधणाचा सगळा पैसा त्या दोन बोटांत.

पन्नाशीनंतर त्यांच्या बोटांतली जाणीव जायला लागली. मधुमेह होता. जन्मभर गूळ केलेल्या माणसाला गूळ खायला बंदी, पण त्याचं त्यांना काही नव्हतं. त्यांना भीती होती ती गोळी समजत नाही हे कुणाला कळेल याची. मी दहावीत होतो. हंगामात ते मला शेजारी उभं करायचे, ‘पोराला शिकवतोय’ म्हणून. गोळी ते वळायचे आणि तीच गोळी माझ्या तळहातावर ठेवायचे. मी बघायचो आणि झाली असेल तर खाली मान घालायचो. मग ते ओरडायचे, “उतरा!” दोन हंगाम आम्ही असं केलं. गुऱ्हाळवाल्याला कळलं नाही. कदाचित कळलं असेल आणि तो बोलला नसेल.

हे मी कधी कुठे लिहिलं नव्हतं. घरातली गोष्ट, वडिलांच्या अब्रूची गोष्ट. पण ती लपून राहिली नव्हती. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या पन्हाळ्यावर, एका अनावश्यक मोतद्दाराच्या बोटांत जाऊन ती बसली होती आणि आण्णांनी वाचलेल्या साठ पानांतली तेवढीच दोन पानं जिवंत राहिली होती.

इथे तुम्हाला वाटेल, मी आता ‘गावाकडचं लिहा, अनुभवाचं लिहा’ असा सल्ला देणार. नाही देणार. गुऱ्हाळावरच्या, ऊसतोडीवरच्या, कुस्तीच्या तालमीवरच्या शंभर निर्जीव कथा मी नंतर संपादनाच्या टेबलावर वाचल्या आहेत. आपल्या मातीतलं लिहिलं म्हणून ते जिवंत होत नाही. आणि शहरात वाढलेल्या माणसाने स्वतःला गाव चिकटवून घ्यावं याइतकं खोटं काही नाही. मला विषय मिळाला हे नंतरचं. त्याआधी मला माझ्याच लिखाणातला जिवंत भाग आणि मेलेला भाग वेगळा करून दाखवणारा वाचक मिळाला. माझ्या चारही प्रयत्नांत सगळं होतं, कर्ज होतं, मेहनत होती, पन्हाळ्याच्या फेऱ्या होत्या. तो वाचक तेवढा नव्हता.

वडिलांची कथा लिहायला मला दोन वर्षं लागली. १९९३ चा पावसाळा ते १९९५. वडील तेव्हा हयात होते. त्यांना वाचून दाखवल्याशिवाय बाहेर द्यायची नाही असं ठरवलं होतं. पहिला खर्डा बावीस पानांचा. आण्णांना दिला, टिंबं मोजली. नव्वदच्या वर. पुन्हा लिहिली. सहा वेळा लिहिली. दर खेपेला कळायचं की टिंब तिथे पडतं जिथे मी वाचकाकडे बघून लिहितोय, ‘बघा, मी किती छान लिहितो’ म्हणून. शेवटचा खर्डा नऊ पानांचा झाला आणि टिंबं सात. शेवटच्या परिच्छेदावर एक टिंब होतं. तिथे मी बाप आणि मुलाच्या नात्याबद्दल चार वाक्यं लिहिली होती. ती काढली. कथा मुलाने मान खाली घातली तिथेच थांबली.

वडिलांना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि फक्त एवढंच विचारलं, “गुऱ्हाळाचं नाव घातलं न्हाईस न्हवं?” नव्हतं घातलं. मग म्हणाले, “मग दे.”

आता नशिबाचं. तुम्ही विचारलंय म्हणून लपवत नाही. ती कथा १९९६ च्या एका दिवाळी अंकात आली. ती घेतली का गेली हे मला चार वर्षांनी संपादकांनी स्वतः सांगितलं. एका नावाजलेल्या लेखकाने कबूल केलेली कथा दिली नव्हती, नऊ-दहा पानांची जागा रिकामी होती, आणि समोरच्या ढिगातली माझी कथा नेमकी नऊ पानांची होती. म्हणजे नशीब होतंच. पण १९९० मध्ये तशीच जागा रिकामी असती तर माझ्याकडे द्यायला काय होतं? ६४० पानांचं बाड.

अंक आल्यावर सतरा पोस्टकार्डं आली. आज सतरा हा आकडा कुणाला काही वाटणार नाही. पण त्यातली अकरा अनोळखी माणसांची होती, आणि एका कार्डावर एवढंच होतं, ‘माझे वडील सुतार होते. त्यांची दृष्टी गेली तेव्हा रंधा मी बघायचो.’ खाली सही नाही, गाव नाही. ते कार्ड माझ्याकडे अजून आहे. त्याच हिवाळ्यात एका प्रकाशकाचं पत्र आलं, ‘आणखी काही लिहिलं आहे का?’ पाच वर्षांनी कादंबरी आली, ती चालली, पुरस्कार मिळाले, महाविद्यालयात लागली. लोक त्या कादंबरीपासून माझी सुरुवात धरतात. मी धरतो त्या समासातल्या टिंबांपासून.

आता तुमच्याकडे येतो.

तुमच्या तीनशे लोकांबद्दल. मी त्यांना कमी लेखत नाही. रात्रपाळीनंतर तुम्ही काही लिहिता आणि कुणीतरी ‘छान’ म्हणतं, त्या आधाराची किंमत मला कळते. पण ‘छान’ म्हणणारा माणूस तुम्हाला कुठे चित्त उडालं ते सांगत नाही. त्याने सांगावं अशी अपेक्षाही नाही. तुम्हाला तीनशेतला एक माणूस काढायचा आहे. तो लिहिणारा नसला तर बरं, कारण लिहिणारा तुमची कथा त्याच्या पद्धतीने लिहायला लागतो. फार जवळचाही नको, कारण त्याला तुमचं मन मोडवत नाही. ग्रंथालयातून दर आठवड्याला पुस्तक बदलणारा, स्वतःच्या आनंदासाठी वाचणारा कुणीही चालेल. मास्तर, नर्स, पोस्टातला कारकून. त्याला ‘कशी वाटली?’ असं विचारू नका. त्या प्रश्नाला उत्तर ठरलेलं असतं. हातात पेन्सिल द्या आणि सांगा, वाचता वाचता मन दुसरीकडे गेलं की टिंब द्या. कारण सांगू नका. एवढंच काम. माझ्या अनुभवात लोक हे आनंदाने करतात, कारण त्यात त्यांना शहाणपणा दाखवावा लागत नाही. आणि टिंबं आल्यावर वाद घालायचा नाही. एका माणसाचं एखादं टिंब चुकू शकतं. पण ओळीने टिंबं आली तर तिथे तुमचंही चित्त लिहिताना जागेवर नव्हतं हे समजा.

दोन्ही कादंबऱ्या अशा वाचून घ्या. पूर्ण नाही, प्रत्येकी पहिली साठ पानं. मला खात्री वाटते की त्यात कुठेतरी कोरी पानं निघतील. दोन निघोत, चार निघोत. त्या पानांतला माणूस कोण आहे ते शोधा. पुढचं लिखाण तिथून सुरू करा, मग ते कागलचं असो, कारखान्याच्या लाइनवरचं असो किंवा मंगळावरचं.

दिवाळी अंकांची रीत माहीत नसेल तर तीही सांगतो. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाला वाचकांपर्यंत नेणारा हा सगळ्यात मोठा रस्ता आहे, आजही. पण अंक ऑक्टोबरात येतो म्हणून सप्टेंबरात कथा पाठवू नका. चांगले अंक उन्हाळ्यातच लेखकांना पत्रं पाठवतात आणि जुलै-ऑगस्टपर्यंत जुळणी संपत आलेली असते. अनाहूत साहित्याचा ढीग संपादक फावल्या वेळात वाचतो, आणि पहिल्या पानावर निर्णय होतो. हे क्रूर वाटतं, पण मी ते काम बारा वर्षं केलं आहे. पहिलं पान कमावलेलं असेल तर पुढची आठ वाचली जातात. मेच्या अखेरीस पाठवा, एका अंकाला एकच कथा, सोबतच्या पत्रात आपल्या अपयशांचा इतिहास लिहू नका. पानमर्यादा विचारून घ्या. आणि एक वही ठेवा, काय कुठे कधी पाठवलं त्याची. माझ्याकडे ती नव्हती म्हणून एकदा एकच कथा दोन अंकांत छापून आली आणि एका संपादकांचा विश्वास मी कायमचा गमावला.

पुस्तकासाठी पुन्हा कर्ज काढू नका. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदानाची योजना आहे. तुमचा कवितासंग्रह आधी निघाला असला तरी कथा किंवा कादंबरी या प्रकारात तुमचं ते पहिलंच पुस्तक असेल. तेव्हा नियम काय म्हणतात ते मंडळाकडून नीट विचारून घ्या. तिथे परीक्षक बाड वाचतात. नकार आला तरी तो वाचून आलेला असतो.

नोकरी सोडू नका. घरचे ‘पुरे’ म्हणतात ते लिहिणं पुरे म्हणत नाहीत बहुतेक. नऊ वर्षं तुम्ही दर अपयशानंतर घरात कसे वावरलात, ते पुरे म्हणतात. मी हे माझ्या आईच्या बाबतीत फार उशिरा समजलो. कथा छापून आली त्या दिवाळीला तिने खाटेखालचे गठ्ठे बाहेर काढले, जमीन सारवली आणि पहिल्यांदाच त्यातली एक प्रत उघडून मला म्हणाली, “ह्यातली एक वाच बघू.” वाचली. ती म्हणाली, “ही बरी हाय.” बारा वर्षं ती वाट बघत होती मी स्वतःहून वाचून दाखवायची. तुम्ही घरात कुणाला काही वाचून दाखवलंय का? पत्रात त्याबद्दल काही नाही.

तुम्ही पाठवलेली कथा मी अजून वाचलेली नाही. मोबाइलवर मला टिंबं देता येत नाहीत. एका बाजूला छापून, दोन्हीकडे दोन बोटं समास सोडून, पानांना क्रमांक घालून ती घेऊन या. रविवारी सकाळी दहानंतर मी घरीच असतो. कागलहून येताना एसटीने रंकाळा स्टँडला उतरलात तर चालत पाच मिनिटं. पेन्सिल माझ्याकडे आहे.